लूट : नाशिकमधून लंडनपर्यंत

इंग्रजीतील ‘लूट’ हा शब्द भारतीय आहे. संस्कृत ‘लुण्ठ्’ या धातूतून तो हिंदी-मराठीत रुळला आणि 18व्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत शिरला. 1886च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशातही त्याची नोंद आहे. इंग्रजीत आधीचा ‘प्लंडर’ शब्द होताच; तो 17व्या शतकातील तीस वर्षांच्या युद्धात जर्मनमधून आलेला. दोन्ही शब्दांना बळजबरीचा वास आहे. चोरी लपूनछपून होते, लूट मात्र शस्त्राच्या जोरावर, उघडपणे होते.

मराठीत लुटीच्या छटा बारीक आहेत. खंडणी ठरवून घेतली जाते, दरोडा टोळी घालते, लूट सैन्य करते. 1670मध्ये सुरतेची दुसरी लूट घेऊन परतताना शिवाजी महाराजांच्या सैन्याने वणी-दिंडोरीजवळ दाऊदखानाच्या मोगली फौजेचा पराभव केला. हा मुलूख नाशिकपासून फार दूर नाही.

इंग्रजांची लूट कागदोपत्री होती. त्र्यंबकेश्वराचा म्हणून ओळखला जाणारा ‘नासक’ हिरा 1818मध्ये पेशवा दुसऱ्या बाजीरावाच्या पाडावानंतर ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती पडला. त्याला लुटीचा माल न म्हणता ‘दख्खनची युद्धप्राप्ती’ म्हटले गेले. शब्द सौम्य, माल तोच. लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या सराफांनी सुमारे 90 कॅरटचा हा हिरा पुन्हा घडवून 78 कॅरटच्या आसपास आणला. 1837मध्ये तो वेस्टमिन्स्टरच्या सरदाराने घेतला. 1940मध्ये तो न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्याकडे गेला आणि आणखी घासला जाऊन 43.38 कॅरटचा उरला.