प्रतिनिधी-निवड, राष्ट्रीय अधिवेशनासाठी

पक्षाच्या अखिल भारतीय अधिवेशनात ठरावांवर मत देण्याचा आणि काही पक्षांत अध्यक्ष निवडण्याचाही अधिकार ज्यांना असतो, अशा प्रतिनिधींना खालच्या समित्यांकडून निवडून पाठवण्याची पद्धत. मंडपात लाखभर माणसे जमली तरी मत मोजले जाते ते प्रतिनिधीचेच. म्हणून पक्ष कोणाचा, याचे उत्तर त्याच्या जाहीरनाम्यापेक्षा प्रतिनिधी-निवडीच्या नियमांत अधिक स्पष्ट सापडते. खानदेशात याचे ठळक उदाहरण म्हणजे यावल तालुक्यातील फैजपूर येथे 27 व 28 डिसेंबर 1936 रोजी भरलेले राष्ट्रीय सभेचे, म्हणजे काँग्रेसचे, पन्नासावे अधिवेशन.

खानदेशातलेच मुक्ताईनगर (जुने नाव एदलाबाद) या दृष्टीने विशेष जागी आहे. 1920 साली काँग्रेसने भाषावार प्रांत पाडले, तेव्हा पूर्व खानदेशातील एदलाबाद महाराष्ट्र प्रांतिक समितीकडे राहिले. पूर्वेला लागून असलेले मलकापूर वऱ्हाड प्रांतात आणि उत्तरेचे बुऱ्हाणपूर हिंदी मध्यप्रांतात गेले. तीन शेजारी भागांतली माणसे एकाच अधिवेशनाला जात, पण त्यांची निवड करणाऱ्या समित्या तीन वेगळ्या प्रांतांच्या. बाजारहाट आणि सोयरिकी एक असलेल्या या पट्ट्यात, प्रांत भाषावार असूनही, पक्षाची हद्द सरकारी हद्दीला धरूनच आखली गेली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

सुरुवातीला निवडीला फारसे नियम नव्हते. 1885 साली मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत जमलेले 72 जण बहुतेक स्वतःहून किंवा निमंत्रणावरून आले होते. पुढे संस्था आणि जाहीर सभा प्रतिनिधी निवडू लागल्या. जवळच्या गावांतून वाटेल तितके प्रतिनिधी येऊ शकत, दूरचे मोजकेच येत. त्यामुळे अधिवेशन जिथे भरे तिथल्या गटाचे पारडे आपोआप जड होई. 1907 चे अधिवेशन नागपूरहून सुरतेला हलवण्यामागे हेच गणित होते, कारण नागपुरात टिळकांच्या जहाल गटाचे बळ मोठे होते. सुरतेत फूट पडली. त्यानंतर 1908 साली झालेल्या घटनेने प्रतिनिधी निवडण्याचा हक्क मान्यताप्राप्त संस्थांपुरता ठेवला आणि जहाल गटाला दार बंद झाले. कोणालाही पक्षातून काढल्याचा ठराव करावा लागला नाही. 1915 च्या मुंबई अधिवेशनात हा नियम सैल झाला, तेव्हा कुठे 1916 साली टिळक आपल्या प्रतिनिधींसह लखनौच्या मंडपात परत आले.

नागपूरच्या 1920 च्या अधिवेशनाला 14 हजारांहून अधिक प्रतिनिधी होते. एवढ्यांत चर्चा कसली होणार? तिथेच मंजूर झालेल्या नव्या घटनेने चार आणे वर्गणीचे सभासदत्व आणले आणि 50 हजार लोकसंख्येमागे एक प्रतिनिधी असे प्रमाण बांधले. गावच्या शेतकऱ्याला चार आण्यांत पक्षात मत मिळाले, ही त्या काळात फार मोठी गोष्ट होती.

त्याहून मोठा बदल ऑक्टोबर 1934 मध्ये मुंबईच्या अधिवेशनात झाला. गांधीजींच्या आग्रहाने प्रतिनिधींची कमाल संख्या 2,000 वर आणली गेली आणि त्यांतले 1,489 ग्रामीण भागाचे, 511 शहरी भागाचे, अशी वाटणी ठरली. प्रतिनिधीची जागा सभासदसंख्येशी जोडली गेली. दर प्रतिनिधीमागे किमान 500 प्राथमिक सभासद हवेत. निवडून येणाऱ्याने नेहमी खादी वापरावी, अशीही अट होती. अध्यक्षाची निवड तोवर प्रांतिक समित्यांच्या शिफारशी आणि स्वागत समिती यांच्या हाती होती, ती थेट प्रतिनिधींकडे आली. त्यांनी आपापल्या प्रांतात ठरलेल्या दिवशी मत द्यायचे.

दोनच वर्षांनी अधिवेशन प्रथमच खेड्यात भरले. फैजपूरची गोष्ट सांगताना टिळकनगर या अधिवेशनस्थळाचा बांबूचा मंडप, चित्रकार नंदलाल बोसांची सजावट, मुंबईहून पायी आणलेली ज्योत यांचे वर्णन नेहमी येते, आणि ते यायलाच हवे. खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी, साने गुरुजी आणि शेकडो स्वयंसेवकांचे कष्ट त्यामागे होते. शंकरराव देव स्वागताध्यक्ष होते. मात्र चारांतले जवळजवळ तीन प्रतिनिधी खेड्यांचे असावेत हे आधी घटनेत लिहिले गेले होते, ते या वर्णनांत हरवते. शेतसारा, खंड आणि कर्जाचा भार हलका करण्याचा शेतीविषयक कार्यक्रम फैजपुरात मंजूर झाला, तो या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. त्या वर्षी अध्यक्षपदासाठी मतदानाची वेळ मात्र आली नाही. वल्लभभाई पटेलांनी माघार घेतली आणि जवाहरलाल नेहरू पुन्हा अध्यक्ष झाले.

या पद्धतीचा खरा कस जानेवारी 1939 मध्ये, त्रिपुरी अधिवेशनापूर्वी लागला. सुभाषचंद्र बोस यांना 1,580 आणि पट्टाभी सीतारामय्या यांना 1,377 मते पडली; म्हणजे प्रतिनिधींची संख्या तोवर 2,000 च्या वर गेली होती. याच काळात खोट्या सभासदांच्या तक्रारी वाढल्या. सभासदसंख्येवर प्रतिनिधी मिळत असतील तर कागदावरचे सभासद वाढवण्याचा मोह होतो. ही खोट अजून कोणत्याही पक्षाला पुरती काढता आलेली नाही.

आज काँग्रेसच्या घटनेनुसार दर ब्लॉक समितीमागे एक प्रतिनिधी येतो आणि राज्यातील या प्रतिनिधींची मिळून प्रदेश समिती बनते. 1967 ते 1985 या काळात एदलाबादच्या आमदार असलेल्या प्रतिभा पाटील पुढे याच महाराष्ट्र प्रदेश समितीच्या अध्यक्षा होत्या. भारतीय जनता पक्षात राज्य परिषदेकडून राष्ट्रीय परिषदेचे सदस्य निवडले जातात. त्यांची संख्या राज्यातील लोकसभा मतदारसंघांशी जोडलेली असते. महाराष्ट्रात असे 48 मतदारसंघ आहेत, त्यांतल्या रावेर मतदारसंघात मुक्ताईनगर येते. अमेरिकेत बहुतेक राज्यांत पक्षाचे मतदार प्राथमिक निवडणुकीत कौल देतात आणि प्रतिनिधी त्या कौलाला बांधलेले असतात. भारतात सामान्य सभासदाला तशी संधी नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 29-अ नुसार पक्षाची नोंदणी होते, पण प्रतिनिधी कसे निवडावेत याचे नियम तो कायदा घालून देत नाही. प्रत्यक्षात अनेकदा एका ओळीच्या ठरावाने सर्वाधिकार वरिष्ठांना दिले जातात आणि ब्लॉकची निवडणूक कागदावर राहते. हा पक्षाच्या सभासदावर अन्याय आहे.

ऑक्टोबर 2022 मधील काँग्रेस अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मल्लिकार्जुन खर्गे यांना 7,897 आणि शशी थरूर यांना 1,072 मते मिळाली. 416 मते बाद झाली. उमेदवाराच्या अर्जावर दहा प्रतिनिधींच्या सूचक म्हणून सह्या लागत होत्या, त्यामुळे हे प्रतिनिधी कोण याची यादी सर्वांना खुली करावी, अशी मागणी निवडणुकीपूर्वी पक्षातूनच झाली होती.