सायकलचा क्रँक टकटक करतोय? कॉटर आणि चेनव्हीलचे बोल्ट असे बसवा, एवढेच आवळा

जून उजाडला की गावागावात कोपऱ्यात पडलेल्या सायकली बाहेर निघतात. हवा भरली, चेनला तेल सोडलं की झाली सायकल तयार, असं आपण समजतो. पण पायडलचा सगळा जोर ज्या दोन-चार बारक्या वस्तूंवर येतो, तिकडे कुणी बघत नाही. त्या म्हणजे क्रँकची कॉटर पिन आणि गिअरच्या सायकलीत चेनव्हीलचे बोल्ट.

मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. अनेक घरांत शाळेला जायचं तेवढं एकच साधन असतं. सायकल बंद पडली की शाळा बुडते. आणि चढावर उभं राहून पायडल मारताना क्रँक निसटला तर पोरगी थेट रस्त्यावर पडते, मागून ट्रॅक्टर येत असला तरी.

आमच्या घरचीच गोष्ट. पुतणीच्या सायकलचा आठ दिवस टकटक आवाज येत होता. "बघू रविवारी" म्हणत मी टाळलं. नवव्या दिवशी ती पुलाच्या चढावर पडली. गुडघ्यावर निभावलं, पण ढिल्या कॉटरने एक्सलची खाच खाऊन टाकली होती. चहाच्या पैशात येणाऱ्या कॉटरसाठी अख्खा एक्सल बदलावा लागला. म्हणून ही माहिती.

आधी सायकल ओळखा

१) साधी काळी सायकल आणि बऱ्याच लेडीज सायकली : क्रँकच्या दांड्यातून आरपार एक पिन गेलेली दिसते, तिच्या एका टोकाला नट असतो. ही कॉटर.

२) गिअरची सायकल : चेनव्हील क्रँकला ४ किंवा ५ बोल्टांनी जोडलेलं असतं. बोल्टला अ‍ॅलन की लागते. स्वस्तातल्या गिअर सायकलींत मात्र बोल्टच्या जागी रिबिट मारलेले असतात. ते आवळता येत नाहीत. ढिले झाले तर चेनव्हीलसकट उजवा क्रँक बदलायचा.

३) चौकोनी एक्सलची सायकल : क्रँकच्या मधोमध प्लास्टिकचं टोपण असतं, त्याखाली एक मोठा बोल्ट किंवा नट असतो.

बिघाड कुठे आहे?

एक क्रँक हाताने घट्ट धरा आणि दुसरा मागेपुढे हलवा. एक स्थिर राहून दुसरा हलत असेल तर कॉटर किंवा मधला बोल्ट ढिला आहे. दोन्ही क्रँक मिळून डावी-उजवीकडे डुलत असतील तर आतल्या वाट्या आणि छर्रे बघावे लागतील, ते काम वेगळं. क्रँक घट्ट असून दातांजवळ धरलेलं चेनव्हील हलत असेल तर चेनव्हीलचे बोल्ट ढिले आहेत.

कॉटर बदलताना

नवी कॉटर आणताना जुनी सोबत घेऊन जा. कॉटरची जाडी आणि चपट्या बाजूचा उतार वेगवेगळा असतो. नुसतं "कॉटर द्या" म्हटलं की चुकीची येते.

१) नट पूर्ण काढू नका. नटाचा माथा कॉटरच्या टोकाशी बरोबर येईल इतकाच उलटा फिरवा. म्हणजे हातोडीच्या ठोक्याने आटे चेपत नाहीत.

२) क्रँकखाली टेका द्या. हे सगळ्यात महत्त्वाचं. लोखंडी पाइपाचा तुकडा उभा धरून क्रँकला खालून भिडवा, कॉटर पाइपाच्या पोकळीत उतरली पाहिजे. पाइप कमी पडला तर खाली लाकडाचा ठोकळा घ्या. टेका नसेल तर ठोका थेट छर्ऱ्यांवर जातो आणि वाट्यांना खड्डे पडतात.

३) हळूहळू दहा ठोके मारण्यापेक्षा एकच सरळ, जोराचा ठोका मारा. गंजून बसली असेल तर रॉकेल किंवा डिझेल सोडून रात्रभर ठेवा.

४) क्रँकचं भोक आणि एक्सलची खाच फडक्याने पुसून घ्या. नवी कॉटर चपटी बाजू एक्सलच्या खाचेकडे करून हाताने आत घाला.

५) दुसऱ्या बाजूने नट बसण्याइतके आटे बाहेर येत नसतील तर चपटी बाजू कानशीने थोडी थोडी घासा. घासताना ती बाजू सपाटच राहिली पाहिजे. उलट कॉटर ढिलीच आरपार जात असेल तर ती बारीक आहे किंवा एक्सल झिजला आहे.

६) पुन्हा टेका देऊन कॉटर ठोकून बसवा, मग वायसर टाकून नट लावा.

इथे बहुतेकांची चूक होते. नट आवळून कॉटर आत ओढायचा प्रयत्न करतात. नटाचं काम कॉटर ओढायचं नाही, बसलेली कॉटर जागेवर राखायचं आहे. पान्यावर लोंबकळलात तर आटे जातील. कॉटर ठोक्यानेच बसते.

दोन्ही बाजूंच्या कॉटर एकमेकींच्या उलट घालायच्या. सायकल उभी करून पाहिलं तर एकीचा नट वर, दुसरीचा खाली. दोन्ही एकाच दिशेने घातल्या तर पायडल एका रेषेत येत नाहीत आणि चालवताना पाय अडखळतो.

दोन-चार किलोमीटर चालवून आल्यावर परत एक ठोका द्या आणि नट आवळा. नवी कॉटर पहिल्या फेरीत थोडी बसतेच.

गिअर सायकलचे चेनव्हील बोल्ट

हा बोल्ट दोन भागांचा असतो. बाहेरून बोल्ट, आतून नळीसारखा नट. बोल्टला बहुतेक वेळा ५ मिलिमीटरची अ‍ॅलन की लागते. नटाच्या पाठीवर खाच असते. बोल्ट फिरवताना नटही सोबत फिरत असेल तर त्या खाचेत रुंद स्क्रू ड्रायव्हर धरून अडवा. यासाठी दोन दातांचा छोटा पानाही मिळतो.

नुसतं आवळायचं असेल तर चेन सगळ्यात मोठ्या चकतीवर ठेवा. की सटकली तर बोटं दातांवर आपटून कापतात, चेन असली की वाचतात.

काढून बसवताना :

१) चकती, क्रँक आणि बोल्टच्या बैठका स्वच्छ पुसा. मातीचा कण राहिला तरी पुढे करकर आवाज येतो.

२) बोल्टच्या आट्यांना थोडं ग्रीस लावा. कोरडा बोल्ट घट्ट वाटतो, पण पकड कमी असते.

३) मोठ्या चकतीवर बाहेरून छोटी खुंटी असेल तर ती क्रँकच्या दांड्यामागे आली पाहिजे. चेन घसरली तर दांड्याच्या फटीत अडकू नये म्हणून ती असते.

४) सगळे बोल्ट आधी हाताने लावा. मग ट्रॅक्टरच्या चाकाचे नट आवळतो तसे आलटून-पालटून आवळा. पाच बोल्ट असतील तर १, ३, ५, २, ४ असा क्रम, चार असतील तर समोरासमोर. दोन-तीन फेऱ्यांत थोडं थोडं आवळा. एकच बोल्ट पहिल्यांदा गच्च केला तर चकती वाकडी बसते.

किती आवळायचं? अ‍ॅल्युमिनियमच्या बोल्टला साधारण ८ ते १० न्यूटन मीटर, लोखंडी बोल्टला १२ ते १४. समजायला सोपं करून सांगतो. दहा सेंटिमीटर लांब कीच्या टोकावर दहा किलोचं वजन टांगलं तर जेवढा जोर पडेल, तो झाला सुमारे १० न्यूटन मीटर. म्हणजे मनगटाचा जोर पुरे. कीला पाइप जोडून लांब करू नका, बोल्ट तुटेल.

बोल्ट विकत घेताना लांबी बघा. एका चकतीचे बोल्ट आखूड, दोन चकत्यांचे लांब असतात. लांब बोल्ट एका चकतीला लावला तर तो आत जाऊन टेकतो, की घट्ट लागते, पण चकती ढिलीच राहते.

एक बोल्ट पडला असेल तर "चार आहेत ना" म्हणून चालवू नका. सगळा भार बाकीच्यांवर येतो, चकती वाकते आणि एकामागून एक बोल्ट सुटतात.

चौकोनी एक्सल असेल तर

टोपण काढून आतला बोल्ट १४ मिलिमीटरच्या बॉक्स पान्याने आवळा. इथे मात्र चांगला जोर लागतो, ३५ ते ४० न्यूटन मीटर. ढिल्या क्रँकवर सायकल चालवत राहिलात तर त्याचं चौकोनी भोक गोल होतं. मग कितीही आवळा, पुन्हा सुटतो. क्रँक बदलणं हाच उपाय.

लक्षात ठेवा

- नवीन काम केल्यावर २५-३० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.
- एरवी महिन्यातून एकदा क्रँक आणि चेनव्हील हलवून बघा, दोन मिनिटं लागतात.
- सायकल चिखलातून, पाण्यातून गेली असेल तर पुसून कोरडी करा.
- आवाज आला की त्याच दिवशी बघा. ढिली वस्तू स्वतः झिजतेच, शेजारची वस्तूही खाते.

ही तपासणी आठवी-नववीच्या मुलामुलींनाही जमते. एकदा सोबत बसवून दाखवा. रस्त्यात आपण सोबत नसतो, सायकल त्यांनाच ओळखता आली पाहिजे.