शून्य नंबरची डिस्क

काकूने खोकं टेबलावर ठेवलं आणि एवढंच म्हणाली, "यांची पत्रं आहेत यात. निघतात का बघ."

खोक्यात काकांनी अमेरिकेत शिकताना घेतलेला मॅकिंटॉश प्लस होता आणि त्याला जोडायची २० एमबीची हार्ड डिस्क. २० एमबी म्हणजे आज फोनमधले पाच-सहा फोटो.

१९८४ साली पहिला मॅकिंटॉश आला तेव्हा त्यात हार्ड डिस्क नव्हतीच. सगळा संसार ४०० केबीच्या फ्लॉपीवर. १९८५ मध्ये ॲपलने 'हार्ड डिस्क २०' काढली, पण तिच्यासाठी मशीनवर वेगळं पोर्ट नव्हतं. मग ती फ्लॉपीच्याच पोर्टला जोडायची. त्या वेळच्या ५१२ केबीच्या मॅकला तर ही डिस्क ओळखायची कशी, हे दरवेळी आधी एका फ्लॉपीवरून शिकवावं लागायचं.

जानेवारी १९८६ मध्ये प्लस आला, सोबत 'स्कझी' पोर्ट घेऊन. आता एकामागे एक अशी सात उपकरणं साखळीत जोडता येत होती. प्रत्येकाला ० ते ६ पैकी वेगळा नंबर द्यायचा. ७ खुद्द मॅकचा. साखळीच्या टोकाला टर्मिनेटर हवा, नाहीतर विजेचे संकेत टोकावरून उलटे फिरतात आणि माहिती बिघडते. चालू करताना डिस्क आधी, मॅक नंतर. हे सगळं माणसाने लक्षात ठेवायचं. आपण फोनला केबल लावतो तेव्हा ही बोलणी आपल्या नकळत उरकतात.

मशीन अमेरिकन विजेचं, म्हणून आधी ट्रान्सफॉर्मर आणला. ही जुनी डिस्क आज फिरली तरी उद्या फिरेल याची खात्री नव्हती. म्हणून एसडी कार्डलाच स्कझी डिस्क भासवणारा एक छोटा बोर्ड घेतला. कॉपी त्यावर करायची.

पण नवं कार्ड आधी मॅकसाठी तयार करावं लागतं, आणि तयार करणं म्हणजे आत असेल ते पुसणं. फ्लॉपीवरचा सेटअप प्रोग्रॅम डिस्क ओळखतो ती नंबराने. काकांची डिस्क ०, कार्ड १. नंबर चुकला असता तर पत्रं गेली असती. मी काकांची डिस्क सोडवून बाजूला ठेवली, कार्ड एकटंच तयार केलं आणि मगच दोन्ही जोडली.

स्क्रीनवर प्रश्नचिन्ह असलेली फ्लॉपी लुकलुकत राहिली. कार्डच्या बोर्डवरचा टर्मिनेटर चालू करायचा राहिला होता. सगळं बंद करून तो चालू केला. पुन्हा आधी डिस्क, मग मॅक. या वेळी दोन डिस्कची चित्रं आली.

कॉपी पूर्ण झाल्यावर काकूला हाक मारली. पहिलं पत्र आजीला लिहिलेलं होतं. मराठीच, पण रोमन लिपीत, कारण काकांकडे मराठी फॉन्ट नव्हता. "हे त्यांनी नंतर हाताने उतरवून पाठवलं होतं," काकू म्हणाली. "ते पत्र आमच्याकडे आलं होतं. मीच ते सासूबाईंना वाचून दाखवलं."

मग तिने ते पुन्हा मोठ्याने वाचलं.