कलदार आणि हाली

1948 पर्यंत वरणगावहून अजिंठ्याला जायचे म्हणजे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जायचे. वरणगाव ब्रिटिश खानदेशात, अजिंठा निजामाच्या मुलखात. तिथे रुपयाही बदले. इकडचा कलदार, तिकडचा हाली सिक्का. 'कल' म्हणजे यंत्र, 'हाली' म्हणजे चालू. आपल्या 'हल्ली'चाच हा भाऊबंद. (पुढे हालीही यंत्रावरच पडू लागला, पण कलदार हे नाव इंग्रजी रुपयालाच राहिले.)

ठरलेला भाव असा : 100 कलदारांना हाली 116 रुपये 10 आणे 8 पै. आकडा विचित्र वाटतो. पण 16 आण्यांचा रुपया आणि 12 पैंचा आणा हे ध्यानात घेतले, की 10 आणे 8 पै म्हणजे बरोबर दोन तृतीयांश रुपया होतो. म्हणजे सहा कलदारांना सात हाली.

सहाला सातच का? आपण तराजूकडे जाऊ. कलदाराचे वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे एक तोळा; 'रुपयाभार' हा शब्द त्यावरूनच आला. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी, म्हणजे 10.69 ग्रॅम. चारमिनारचे चित्र असलेला हाली रुपया 11.18 ग्रॅमचा, चांदी शेकडा 81.8, म्हणजे 9.14 ग्रॅम. भागाकार येतो 1.17. सात भागिले सहाही तेवढेच!

इथेच थांबलो तर मात्र आपली फसगत होईल. 1893 साली इंग्रज सरकारने लोकांची चांदी घेऊन रुपये पाडून देणे बंद केले. तेव्हापासून कलदाराची किंमत त्यातल्या चांदीपेक्षा वर राहू लागली. भाव आता चांदीवर कमी आणि सरकारच्या शब्दावर जास्त टिकून होता. 1940 साली कलदारातली चांदी निम्म्यावर आणली, तरी तो रुपयाच राहिला.

हाली रुपया हाती आला, तर चारमिनारच्या कमानीत पाहावे. 'मीम' हे अक्षर असेल तर नाणे महबूब अली खानाच्या काळचे, 'ऐन' असेल तर उस्मान अली खानाच्या, म्हणजे 1911 नंतरचे. साल हिजरी असते, त्याला 0.97 ने गुणून 622 मिळवावेत. 1330 चे 1912 होतात.

असे रुपये आजही जुन्या घरांतून निघतात आणि मोडीत जातात. सराफ चांदीचे वजन धरतो. मुशीत 'ऐन' आणि साल दोन्ही विरघळतात. मोडायला आमची ना नाही, घरोघरची गरज असते. त्याआधी मुलांनी नाण्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासावी, दोन्ही बाजूंचे ठसे घ्यावेत आणि खाली वजन लिहून ठेवावे.