कोइंबतूर तायींची तबकडी

मॉरिस दलाज हे फ्रेंच संगीतकार राव्हेलचे शिष्य. १९१२ ते १९१४ या काळात त्यांनी 'रागमालिका' रचली आणि १९१५ साली ती पॅरिसमध्ये छापून आली. गळा आणि पियानो यांसाठी लिहिलेल्या या रचनेचे शब्द तमिळ आहेत. हिंदुस्थानची सफर करून आलेल्या फ्रेंच माणसाची ही कल्पनाशक्ती, असा समज सहज होतो. पण पुरावा वेगळेच सांगतो.

हा पुरावा म्हणजे ग्रामोफोन कंपनीची एक जुनी तबकडी. गायिका कोइंबतूर तायी (१८७२–१९१७), देवदासी परंपरेतल्या, मद्रासमध्ये नाव कमावलेल्या. गाणे रामलिंग स्वामींच्या 'अरुट्पा'तले. संगीत-अभ्यासक जॅन पास्लर यांनी तबकडी आणि छापील स्वरलिपी शेजारी ठेवून तपासली, तेव्हा दलाजनी तायींचे गाणेच कागदावर उतरवल्याचे दिसले.

अशा तुलनेत पट्टीवर भिस्त ठेवून चालत नाही. त्या काळच्या तबकड्यांचा वेग एकसारखा नसे. चकती जरा जलद फिरली की गाणे वरच्या पट्टीत जाते. जलद फिरो वा सावकाश, स्वरांमधले अंतर, हरकतींचा क्रम आणि राग बदलण्याच्या जागा मात्र तशाच राहतात. साक्ष धरायची ती त्यांची.

मला सर्वांत बोलकी वाटते ती स्वरलिपीतली एक सूचना. पियानोच्या खर्जाकडच्या एका स्वराच्या, म्हणजे आपल्या काळी पाचच्या, तारेखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवायचा, म्हणजे नाद दबून तालवाद्याच्या थापेसारखा येतो. पियानोच्या तारांना असा हात घालणे तेव्हा फार विरळा होते. दलाजना गाण्याबरोबरचा ठेकाही सोडायचा नव्हता, हे यावरून कळते. कान लावून ऐकणाऱ्याचेच हे काम, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. तरीही चालीचे श्रेय तायींच्या गळ्याचे आहे, आणि मैफलींच्या कार्यक्रमपत्रिकेत त्यांचे नाव छापलेच पाहिजे.

तबकडीशी ताडून पाहण्याची हीच पद्धत दलाजच्या चार 'हिंदू' कवितांनाही लागू पडते. १४ जानेवारी १९१४ रोजी त्या पॅरिसमध्ये प्रथम सादर झाल्या. पहिलीचे नाव 'मद्रास', दुसरीचे 'लाहोर'. 'लाहोर'मध्ये चेलोवादकाला तारेवरून बोट घसरवत न्यायला सांगितले आहे. त्या मींडेचा माग इम्दादखाँच्या सुरबहाराच्या तबकडीपर्यंत पोचतो.