आजीचं नाव कुठल्या कागदावर?

जुना सातबारा काढला की पणजोबा सापडतात, पणजी काही सापडत नाही. अमेरिकेत नव्या मुलखात वस्ती करायला गेलेल्या बायकांचंही तसंच झालं. तिथली पहिली जनगणना १७९० सालची. पण १८४० पर्यंत नाव लिहायचे फक्त कुटुंबप्रमुखाचं. बाकीची माणसं म्हणजे रकान्यातले नुसते आकडे. १८५० पासून घरातल्या सगळ्यांची नावं आली, तीही गुलामांना वगळून. त्यात १८९० ची बहुतेक पानं पुढं आगीत गेली.

म्हणून तिथली नातवंडं जमिनीचे कागद धुंडाळतात. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं १६० एकर सरकारी जमीन मिळायची. (सरकारी कसली, मूळ रहिवाशांकडून घेतलेली!) पाच वर्षं तिथं राहून ती कसायची. विधवा किंवा २१ वर्षांची अविवाहित बाईही अर्ज करू शकायची. नवऱ्याबरोबर नांदणारी सहसा नाही. जमीन नावावर होताना घर केवढं, विहीर आहे का, किती एकर नांगरलं, हे सगळं तिनं सांगायचं आणि शेजाऱ्यांनी साक्ष द्यायची. जनगणनेत बाईच्या नावापुढं बहुधा ‘घर सांभाळते’ एवढंच. जमिनीच्या फायलीत मात्र तीच बाई आपल्या पिकाचा हिशेब देते.

आपल्याकडं वारसांची नावं फेरफारात असतात. पुढच्या बैठकीला येताना घरातला जुना फेरफार घेऊन या. मोडीत असला तरी आणा, वाचणारं माणूस शोधू.