कोरपना ते नागपूर : मनाच्या आजाराला किती अंतर तुडवावे लागते?

१/ कोरपना हा चंद्रपूर जिल्ह्याच्या तेलंगण सीमेवरचा तालुका. कापूस, चुनखडी आणि सिमेंट ही त्याची ओळख. विदर्भाचे शासकीय मनोरुग्णालय नागपुरात, म्हणजे येथून सुमारे दोनशे किलोमीटरवर. या अंतरामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

२/ १८५८ च्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात वेड्यांच्या इस्पितळांची घडी बसवली. भटकणाऱ्या वेडसर माणसाला पोलिसांनी दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे आणि त्याच्या हुकुमाने कोंडावे, अशी ती रीत. नागपूरचे रुग्णालय १८६४ चे. रुग्णाला समाजापासून दूर ठेवणे, हाच त्या व्यवस्थेचा पाया होता.

३/ कोरपना परिसर तेव्हा निजामाच्या राज्यात होता. राजुरा भाग १९५९ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात आला. तेव्हाही देशात १९१२ चाच वेडेपणाविषयीचा कायदा लागू होता. त्याची जागा घेणारा १९८७ चा कायदा प्रत्यक्षात १९९३ मध्ये अमलात आला.

४/ मधल्या काळात दिशा बदलू लागली. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रातूनच उपचार देण्याचा प्रयोग झाला आणि त्याच धर्तीवर १९९६ मध्ये जिल्हा कार्यक्रम सुरू झाला.

५/ पण रुग्णाची बाजू मांडणार कोण? येथे कुटुंबे पुढे आली. कॅनडात प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. २००४ च्या ‘देवराई’ चित्रपटाने हा आजार मराठी घरांत चर्चेचा विषय केला.

६/ ६ ऑगस्ट २००१. तामिळनाडूतील एरवाडी येथे आग लागली. साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण पळू शकले नाहीत. ते जळून मेले.

७/ २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळदंडांना मनाई केली आणि समाजात राहण्याचा हक्क मान्य केला. उपचारांसाठी कोणालाही लांबचा प्रवास करावा लागू नये, हेही त्यात स्पष्ट लिहिले आहे.

८/ हे शक्य आहे का? विदर्भानेच उत्तर दिले. ‘विश्राम’ प्रकल्पात अमरावती व वर्धा जिल्ह्यांतील ३० गावांत स्थानिक आरोग्य कार्यकर्त्यांना आणि समुपदेशकांना प्रशिक्षण देण्यात आले. तेथील नैराश्यग्रस्तांपैकी पूर्वी शंभरात सुमारे ४ जण मदत घेत. दीड वर्षाच्या कामानंतर ते प्रमाण २७ वर गेले. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाणही ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले.

९/ अमरावती-वर्ध्याची ती गावेही कोरपन्यासारखीच कापूस पिकवणारी. तेथे बदल घडला, कारण मदत गावात पोहोचली होती. कायद्यातील ‘लांबचा प्रवास नको’ या शब्दांची कसोटी म्हणूनच कोरपन्यासारख्या तालुक्यांत लागणार आहे.

१०/ आपल्याला किंवा ओळखीच्या कोणाला गरज असेल, तर शासनाची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे. हा धागा पुढे पाठवा.